छत्रीखालचा कटला

हे मी घरी कधी बोललो नाही, दुकानात तर नाहीच. तुम्हाला सांगतो. मध्ये काही विचारू नका — थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही.

कोलकात्यात सियालदहला माझं मोठ्या प्रिंट काढायचं दुकान आहे. नागपूरहून नोकरीसाठी आलो, साहेबाशी भांडलो, नोकरी सोडून स्वतःचं मशीन टाकलं. घासाघिशीत मला कोणी हरवत नाही. एक सल मात्र आहे — चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं. छापणाऱ्याचं कधी वाचलंय तुम्ही?

केतकीनं मला हरवलं. इथल्याच न्यू टाउनची, बँकेतल्या मराठी अधिकाऱ्याची मुलगी. चित्रपट महोत्सवातल्या प्रदर्शनात तिचं पहिलं काम लागणार होतं — मासळीबाजाराचं चित्र, पुरुषभर उंच. समोर फोन धरला की पडद्यावर त्यातला कटला मासा जिवंत होतो, उडी मारून बघणाऱ्याच्या डोक्यावरून पोहत जातो. परीक्षकांनी निवडलं तर चित्र पुढे शहरोशहरी फिरणार होतं.

"काका, आपल्या माणसाला असा भाव लावता? आईला सांगीन, काकांनी चहा पण नाही दिली." तिच्या त्या मोडक्या मराठीत, हसत हसत तिनं भाव पाडला. वर भिंतीवर लावून द्यायचंही माझ्याच गळ्यात. 'आपला माणूस' हा डाव माझा होता हो! उभ्या बाजारावर खेळलेला.

तिची अट एकच: वरून मॅट फिल्म चढवा, चकाकीत फोनला चित्र ओळखता येत नाही. मी म्हणालो, मॅट संपलंय, बाजारात कुठेच नाही. तिनं मान डोलावली. चकचकीत फिल्म चढली.

महोत्सवाच्या सकाळी परीक्षक आले. दिव्याची तिरीप थेट चित्रावर. फोन पुढे, मागे, तिरका — मासा हलेना. केतकीनं त्यांची माफी मागितली, "माझंच काहीतरी चुकलं" म्हणाली. ते पुढे गेले, निवड हुकली.

मग मी काळी छत्री उघडून दिव्याच्या आड धरली. आणि कटला उडाला. काय सांगू तुम्हाला! एक आजोबा चक्क खाली वाकले. एका बाईंनी पदर डोक्यावर घेतला, मला बंगालीत विचारलं, "दादा, किलो कसा दिला?" मी भाव सांगितला, त्यांनी पाडला, सगळी रांग हसली. दुपारभर छत्री धरून हात भरून आला, पण इतका मी उभ्या आयुष्यात हसलो नव्हतो. केतकी सगळ्यांना सांगत होती, काकांनी वाचवलं.

आता तिच्या प्रत्येक प्रदर्शनात ती छत्री टांगते. खाली पाटी — 'छपाई आणि छत्री', पुढे माझं नाव. मिळालं की नाही? मी ती पाटी बघायला मुद्दाम जातो. आवडते मला. लबाडी कशाला करू?

पण मॅट संपलं नव्हतं. अख्खा रोल माझ्या पाठीशी उभा होता. संपलंय म्हणताना मी त्यालाच टेकून बसलो होतो — पोरीनं हरवलं म्हणून.

आणि एवढंच नाही. ती माफी मागत होती तेव्हा मी दोन हातांवर होतो. मासा का हलत नाही, हे मला ठाऊक होतं. छत्री काखेतच होती. परीक्षकांची पाठ वळेपर्यंत मी ती उघडली नाही.