पुलाच्या खिडक्या

स्पेनमधल्या मेरिदा गावात रोमन लोकांनी बांधलेला दगडी पूल आहे, जवळपास दोन हजार वर्षांचा. आम्ही पुलावरून टोकाचा जुना किल्ला बघत होतो, तर माझे सासरे, अप्पा, कधीच खाली नदीकाठी उतरलेले. जन्मभर ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. पूल वरून बघायचाच नसतो, असं त्यांचं ठाम मत.

"अप्पा, रोमन नाट्यगृह बघायचं राहील हं!" मी वरून ओरडले.

"राहू दे. तू आधी खाली ये. त्या खिडक्या बघ."

खाली उतरून बघितलं तर खरंच, पुलाच्या जाडजूड खांबांमध्ये छोट्या कमानी मोकळ्या ठेवल्या होत्या.

"पूर आला की पाण्याला जायला," अप्पा खुशीत म्हणाले. "नदीशी भांडले नाहीत, म्हणून टिकला."

मला त्या अनोळखी माणसांचा एकदम लळाच लागला. एवढं भक्कम बांधताना त्यांनी नदीचीही सोय बघितली होती! आणि आज त्याच पुलावरून एक आजी नातवाची बाबागाडी ढकलत, गाणं गुणगुणत निघाली होती.

अप्पांनी खिशातून आमच्या सांगलीच्या घराची किल्ली काढली, दगडावर टकटक केली आणि कान लावून ऐकलं. साइटवर ते असंच करायचे. मग त्यांनी खांबावर थाप मारली.

"शाब्बास रे पोरांनो!"

दोन हजार वर्षांनी पोरांचं काम पास झालं.