मर्लिनची नापास व्हायची परीक्षा

आमच्या माणिकपूरच्या चर्चमध्ये मर्लिन सात वर्षं क्वायरमध्ये गातेय, आणि तिला नीट ऐकू येत नाही हे निम्म्या क्वायरला यंदापर्यंत माहीत नव्हतं. सूर कुठे उचलायचा ते ती ऑर्गन वाजवणाऱ्या सॅन्टन अंकलच्या हातांवरून ओळखते. मी तिचा मावसभाऊ. माझे दोन्ही कान धडधाकट, म्हणून मला क्वायरमध्ये खुर्च्या लावायचं काम.

ही हुशारी तिच्या आईची, लिडियामावशीची शिकवण. "तोंडाकडे बघ, हाताकडे बघ, पण कुणाला कळू देऊ नको."

यंदा मर्लिनचा फार्मसीला नंबर लागला. मावशीच्या एकटीच्या पगारात फी बसेना. दिव्यांग विद्यार्थ्यांची सरकारी शिष्यवृत्ती होती, पण प्रमाणपत्रावर किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व हवं.

"बारावीला चौऱ्याऐंशी काढलेस, चाळीस म्हणजे काय," मी म्हणालो.

सरकारी रुग्णालयात तिचं केसांआड लपवलेलं कानातलं मशीन काढून तिला काचेच्या खोलीत बसवलं. हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं. काही दिवसांनी प्रमाणपत्र आलं. बत्तीस टक्के.

खरं सांगायचं तर मावशी आधी खूशच झाली. "बघ, तितकं नाहीये तिला." मग फार्मसी आठवली आणि तिनं फीचा कागद पुन्हा उघडला.

मी मर्लिनला बाजूला घेतलं. "खरंच ऐकू आलं तुला?"

"थोडं आलं. बाकीचं दिसलं."

"आवाज दिसला?"

"काचेपलीकडे मॅडम होत्या ना. त्यांनी कळ दाबली की खांदा हलायचा. मी बटण दाबायचे."

"मुद्दाम?"

"सवयीनं रे. समोर कुणी परीक्षा घ्यायला बसलं की मी पास व्हायलाच बघते."

फेरतपासणीचा अर्ज मी लिहिला. तिनं त्यातल्या चुका काढून तो पुन्हा लिहिला. मावशीला अर्जच नको होता. "दिव्यांग कार्डावर लिहून येईल. सगळ्यांना कळेल."

"मम्मी, उद्या औषधांच्या काउंटरवर उभी राहीन तेव्हाही कळणारच," मर्लिन म्हणाली. "चुकीची गोळी देण्यापेक्षा 'पुन्हा सांगा' म्हणेन की."

 फेरतपासणीच्या दिवशी मावशी पर्स घेऊन आमच्यासोबत निघाली.

दुसऱ्या खेपेला मर्लिन खोलीत गेली, पण बसली नाही. "मॅडम, मी तुमचा खांदा बघून बटण दाबते. मागच्या वेळी तसंच झालं." आणि तिनं स्वतःच खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मॅडम हसल्या. "ऐकू येत नाही असं दाखवणारे इथे आलेत. येतं असं दाखवणारी तू पहिलीच."

आम्ही दोघं दाराशी उभे होतो. मर्लिननं बटण दाबलं की मॅडमच्या यंत्रावर छोटा दिवा लागायचा. मॅडम आवाज वाढवत गेल्या. दिवा लागेना. मावशीनं माझा दंड घट्ट धरला.

"एवढं कमी येतं तिला?" ती हळूच म्हणाली. "मग बारावी कशी केली हिनं?"

चौपन्न टक्के आले. शिष्यवृत्तीचा अर्ज स्वीकारला गेला आणि मर्लिन कॉलेजात जाऊ लागली. माणिकपुरात कुणी विचारो न विचारो, मावशी आता काही लपवत नाही आणि टक्केवारीही सांगत बसत नाही. एवढंच सांगते, "खुर्ची तिनं स्वतः फिरवली."