नरखेडच्या लाइनवरची चौदा मिनिटं

नरखेडच्या शाखेत फोनची लाइन एकच होती. मॉडेम त्याच लाइनला आणि बोलायचा फोनही त्याच लाइनला. त्यामुळे तिथे साठ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या मुलीचा कंपुटर नागपूरच्या आमच्या ऑफिसशी जोडलेला असला की मला तिच्याशी बोलता येत नसे, आणि आम्ही बोलत असलो की कंपुटर जोडलेला नसे. बिघाड शोधायचा तो अशा अवस्थेत. मी फोनवर तीन-चार गोष्टी सांगायचो. ती वहीत लिहून घ्यायची, फोन ठेवायची, मॉडेम लावायची, स्क्रीनवर काय दिसतं ते त्याच वहीत उतरवायची, मॉडेम बंद करायची आणि पुन्हा फोन करून मला वाचून दाखवायची. एका फेरीला साधारण अकरा मिनिटं लागत. दिवसाला अशा तीन फेऱ्या, कधी चार.

ही पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि ठिबक सिंचनाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीच्या नागपूर ऑफिसात कंपुटरचं सगळं एकटा बघत होतो. नरखेड, पारशिवनी आणि उमरेडला आमच्या शाखा होत्या. नरखेडच्या बाजूला संत्र्या-मोसंबीच्या बागा, म्हणून तिथला माल सगळ्यांत जास्त. नळ्या, ड्रिपर, फिल्टर, जोडण्या मिळून नऊशेच्या वर वस्तू, आणि त्यांच्या साठ्याची नोंद ती एकटी सांभाळायची. रोजचा साठा फोनच्या लाइनवरून नागपूरच्या कंपुटरवर चढवायचा अशी योजना निघाली, आणि पहिला प्रयोग नरखेडवर करायचा ठरला.

जोडणी व्हायची. मॉडेम किरकिरायचा, शिटी मारायचा, पासवर्ड स्वीकारला जायचा, माझ्या टेबलावरच्या मॉडेमचे दिवे लागायचे. पण ऑफिसातल्या सगळ्या कंपुटरांची यादी जिथे दिसायला हवी, ते नेटवर्क नेबरहुड तिने उघडलं की तिथे एकच नाव यायचं.

“सर, नरखेडवरून बोलून राहिली. लिहून आणलं, वाचू?”

“वाचा.”

“एकच कंपुटर दिसून राहिला. तो पण आमचाच.”

“नागपूरचे सात दिसायला पाहिजेत.”

“सात नाहीत. मी दोनदा मोजले. आता एकाले किती वेळा मोजू?”

वाचून दाखवण्यात तिच्यासारखं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. स्क्रीनवरचं वाक्य ती जसंच्या तसं वाचायची, खाली कोणती बटणं आहेत, कुठलं फिकट आहे, किती सेकंदांनी काय बदललं, सगळं. इतर शाखांचे लोक “काहीतरी इंग्रजीत आलं अन् गेलं” म्हणायचे. तिचं ऐकताना नरखेडचा तो पडदा मला माझ्या समोरच्या पडद्याहून स्पष्ट दिसायचा. तिच्या आवाजामागे बसस्टँडचा भोंगा ऐकू यायचा, काटोलची गाडी, वरूडची गाडी. मी तोवर नरखेडला गेलेलो नव्हतो.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. महिनाअखेरपर्यंत जोडणी झाली तर ठीक, नाही तर नरखेडचं साठ्याचं टेबल नागपूरला आणू, असं ते म्हणाले. “त्या मॅडमनाही इकडेच घेऊ. तुमच्या बाजूला जागा रिकामी आहेच.” शिवाय शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी महिन्याचा साठा फ्लॉपीवर भरून तिने स्वतः आणून द्यावा, असंही ठरलं.

मी तिला हे फोनवर सांगितलं. खरं म्हणजे आनंदाने सांगितलं. नागपूर ऑफिस, पगार थोडा जास्त, कोणालाही आवडेल.

“सर, मले नागपूरले येता येत नाही,” ती म्हणाली.

मग कळलं. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर वर्षभरात लकवा मारला, उजवी बाजू गेली. आई नाही, भाऊ नाही. शाखेपासून घर चालत सात मिनिटांवर. एक वाजता ती घरी जायची, त्यांना भरवायची आणि पावणेदोनला परत टेबलावर.

“शेजारचं कोणी भरवत नाही का?”

“शेजारची काकू ताट घेऊन बसते. बाबा तोंड फिरवून घेतात. नोकरी सोडली तर घर नाही चालत, अन् तिकडं आली तर बाबा नाही जेवत.” मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “तुमी थे सात कंपुटर दाखवून द्या ना सर. बाकीचं मी पाहून घेईन.”

त्या दिवसापासून माझं काम विचित्र झालं. बिघाड सापडला तर ती नरखेडला राहणार. नाही सापडला तर ती माझ्या बाजूच्या टेबलावर येऊन बसणार. मला काय हवं होतं ते ऑफिसात सगळ्यांना माझ्या आधी कळलं होतं. समोर बसणारे अकाउंटंट काका एकदा म्हणाले, “काहून गा, नरखेडचा फोन आला का तू कॉलर नीट करतं. तिले तिकडून दिसते काय?”

तरी मी खोटं काम केलं नाही. केबल बदलली, मॉडेम बदलला, कंपुटरांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्या प्रोटोकॉलच्या खुणा काढून पुन्हा लावल्या. प्रत्येक बदलाची नोंद केली. अठरा दिवसांत एकूण सत्तेचाळीस फेऱ्या झाल्या. आकडा नोंदवहीतला आहे, आठवणीतला नाही.

कारण सापडलं ते शुक्रवारी दुपारी, तीन वाजून दहा मिनिटांनी. आमच्या ऑफिसात कागद गावाप्रमाणे ठेवायची जुनी पद्धत. नरखेडचा गठ्ठा वेगळा, पारशिवनीचा वेगळा, उमरेडचा वेगळा, वर गावाचं नाव. एका गावाचा कागद दुसऱ्या गठ्ठ्यात गेला तर मोठं बोलणं खावं लागायचं. मी गठ्ठ्यांवर नवीन चिठ्ठ्या चिकटवत होतो आणि नरखेडची चिठ्ठी लावताना हात थांबला. तिचा कंपुटर मीच नागपूरला तयार करून पाठवला होता. तो कोणत्या गटातला, असं विचारणारा एक रकाना असतो. त्यात मी गठ्ठ्यावर लिहावं तसं गावाचं नाव घातलं होतं. नागपूरचे सातही कंपुटर नागपूर नावाच्या गटात. नरखेड गटात ती एकटी. यादी आपल्या गटापुरती दिसते, म्हणून तिला स्वतःशिवाय कोणी दिसत नव्हतं. बिघाड मॉडेमचा नव्हता, लाइनचाही नव्हता. माझ्या टापटिपीचा होता.

फोन हाताशी होता. दोन मिनिटांचं सांगणं होतं. मी फोन उचलला नाही.

आधी नीट खात्री करू, असं मी स्वतःला सांगितलं. पण खात्री झालेली होती. सोमवारी ती फ्लॉपी घेऊन येणार होती, आणि शुक्रवारी जोडणी झाली असती तर तिच्या येण्याचं कारण संपलं असतं. महिना संपायला नऊ दिवस आहेत, आणि हे माझ्याशिवाय कोणाला सापडणार नाही, हेही माझ्या मनात येऊन गेलं. शनिवार आणि रविवार मी याच विचारात काढला.

सोमवारी सव्वानऊला ती आली. बारीक चणीची, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून तिने आधी वही काढली, मग फ्लॉप्या. सहा फ्लॉप्या, प्रत्येकीवर क्रमांक. मला पाहून म्हणाली, “तुमी आवाजानं म्हातारे वाटता.”

अकाउंटंट काका खोकले.

फ्लॉप्या उतरवून आकडे ताडून घ्यायला तीन तास लागले. तेवढा वेळ ती त्या रिकाम्या टेबलावर बसली होती. मी चहा मागवला. मी काहीबाही विचारत होतो, ती हसून उत्तर देत होती, आणि दर थोड्या वेळाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. सहावी फ्लॉपी आधी वाचली गेली नाही, पुन्हा पुन्हा घालून पाहावी लागली. साडेबाराला मी म्हटलं, “डबा आणला असेल ना? नाही तर समोर चांगलं मिळतं.”

“मी तिकडं जाऊनच जेवीन,” ती म्हणाली. “आज बाबांचं खाणं सकाळी पाच वाजता झालं. आता मी जाईन तवा.”

“म्हणजे किती वाजता?”

“एकची गाडी भेटली तर साडेतीन-चार. घरी बसून थे गाडीच्याच वेळा मोजत असतील, डाव्या हाताच्या बोटावर.”

पहाटे पाच ते दुपारी चार, अकरा तास. शुक्रवारी मी दोन मिनिटं बोललो असतो तर हे अकरा तास झाले नसते. त्या टेबलावर ती रोज बसली असती तर रोज असंच घड्याळाकडे बघत बसली असती, हे मला तेव्हा प्रत्यक्ष दिसलं.

“कारण सापडलं आहे,” मी म्हणालो.

तिने वही उघडली. “कधी?”

“आज सकाळी.”

आयुष्यात मी हिशेबात खोटं लिहिलेलं नाही. तोंडाने बोललो ते पहिलं खोटं हे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी सांगितलेलं ओळीओळीने लिहून घेतलं. मग म्हणाली, “एक दिवस आधी सापडलं असतं तर मी आलीच नसती.” यात तक्रार होती की दुसरं काही, हे मी इतकी वर्षं ठरवू शकलेलो नाही. मी तिला माझ्या स्कूटरवर बसस्टँडला सोडलं. एकची गाडी मिळाली.

मंगळवारी साडेदहाला तिने गटाचं नाव बदललं, कंपुटर बंद करून चालू केला आणि फोन केला.

“आता जोडा,” मी म्हटलं, “आणि लगेच तोडू नका. यादी भरायला बारा-पंधरा मिनिटं लागू शकतात.”

“इतका वेळ लाइन अडवू? साहेब काय म्हणतील?”

“साहेबांचं मी बघतो. तुम्ही फक्त थांबा.”

तिने फोन ठेवला. माझ्या मॉडेमचे दिवे लागले. त्यानंतरची चौदा मिनिटं मी त्या दिव्यांसमोर बसून होतो. एक दिवा स्थिर, दोन मधूनमधून लुकलुकणारे. बोलता येत नव्हतं, पण पलीकडे ती बसलेली आहे एवढं कळत होतं. मग दिवे विझले आणि फोन वाजला.

“सर, वाचू?” आणि तिने सात नावं वाचली, एकेक करून, सावकाश. आठवं तिचं स्वतःचं. “आठ आहेत,” ती म्हणाली. “एकदाच मोजले.”

मग म्हणाली, “आता फोन कराची गरज नाही पडणार.”

“नाही पडणार,” मी म्हणालो.

टेबल नरखेडलाच राहिलं. पुढे पारशिवनी आणि उमरेडही जोडली गेली. काही महिन्यांनी मी शिकलो की त्या यादीची वाट बघायची गरजच नसते, कंपुटरचं नाव थेट टाइप केलं की तो उघडतो. तिन्ही शाखांना तसा कागद पाठवला. नरखेडहून उत्तर आलं, “कागद मिळाला, समजले,” खाली तिची सही. कोण किती मिनिटं जोडलेलं होतं याची नोंद आमच्या सर्व्हरवर राहायची. दुसऱ्या दिवसापासून पारशिवनी चार मिनिटं, उमरेड पाच. नरखेड चौदा. तिसऱ्या दिवशीही चौदा. माल जास्त होता हे धरलं तरी काम सहा मिनिटांचं होतं. आणि कागद तिला समजला नसेल हे शक्य नव्हतं.

रोज चार वाजता दिवे लागायचे आणि मी हातातलं काम बाजूला ठेवायचो. साहेबांनी एकदा विचारलं, नरखेडला एवढा वेळ का लागतो. मी म्हणालो, माल जास्त आहे. हे दुसरं खोटं. तिला मात्र मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने वहीत पाहून वाचावं तसं खरं सांगितलं असतं, आणि मला ती भीती होती. फोन करायला कारण लागतं, अशी माझी तेव्हा समजूत होती. असं एक वर्ष आणि दोन महिने गेले.

एका दिवशी नोंद पाच मिनिटांची होती. दुसऱ्या दिवशीही पाच. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “तिथे नवीन माणूस घेतला ना. त्या बाईचे वडील वारले. एकटी राहून काय करेल, मावशीकडे गेली म्हणतात, अमरावतीकडे कुठे तरी. टेबल नागपूरला असतं तर आपण ठेवून घेतलं असतं तिला.”

माझ्या बाजूची जागा तोवर प्रिंटरने भरलेली होती.

आता मी नागपूरजवळच्या मिहान उद्योग-वसाहतीत नोकरी करतो. लग्नाला बावीस वर्षं झाली, मुलगी पुण्याला शिकते, आणि ती व्हिडिओ कॉलवर दिसते तेव्हा मागचा पंखासुद्धा दिसतो. कुणी कुणाला काही वाचून दाखवत नाही, लागतच नाही. मला मात्र अजून कधी कधी दुपारी चारच्या सुमाराला वाटतं की कुणीतरी फोनवर यावं आणि समोर जे आहे ते जसंच्या तसं, सावकाश वाचावं. बायकोला यातलं बहुतेक माहीत आहे. काका कॉलरवरून काय म्हणाले तेही मी तिला सांगितलं, ती हसली. शुक्रवारचं तेवढं सांगितलं नव्हतं. हे लिहून झालं की तिला वाचायला देणार आहे.