गाऱ्हाण्याला होकार

माझी मुलगी जुई पाच वर्षांची झाली, त्या दिवसापर्यंत मी तिच्या तोंडून एकही पूर्ण शब्द ऐकला नव्हता. कान तपासून झाले होते, मेंदूच्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं ठीक होतं. पाणी हवं असलं की ती 'पा' म्हणायची, नको असलं की मान फिरवायची, आणि बाकी सगळा कारभार डोळ्यांनी. शेजारपाजारचे समजूत घालायचे, काही मुलं उशिरा बोलतात म्हणून. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, उशिरा म्हणजे कधी ते सांगा. मी साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात तयार झालेले लोखंडी सुटे भाग तपासतो. माप बसलं तर पुढे, नाही बसलं तर भंगारात. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणूस घरातही त्याच नजरेने बघायला लागतो. देवाच्या बाबतीत माझं तेच झालं होतं. काही वर्षं हात जोडले, काही घडलं नाही, तेव्हा हात जोडणं हळूहळू सोडून दिलं.

आम्ही मूळचे कोकणातले, राहायला विक्रोळीत. घरात मी, माझी बायको सुप्रिया, जुई आणि माझे वडील, आबा. आबांना मुंबईत येऊन पन्नास वर्षं झाली, पण देव्हाऱ्यासमोर उभे राहिले की ते थेट गावात पोचतात. आमच्याकडे काहीही कार्य असलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ-विडा पुढे ठेवायचा आणि घरातल्या मोठ्या माणसाने देवाशी आपल्या बोलीत, मोठ्याने, सरळ बोलायचं. काय केलं, काय चुकलं, काय हवं आहे, सगळं. त्याच्या प्रत्येक बोलण्याला बाकीच्यांनी एका आवाजात होकार द्यायचा, "व्हय म्हाराजा." जुईच्या प्रत्येक वाढदिवसाला आबा सकाळी हे करत आले होते. गेली दोन वर्षं ते मला सांगत होते, "अरे, ती पण म्हणता. तिचे व्हट बघ." मी तेव्हा दाराशी मोबाइल घेऊन उभा असायचो. मला ओठ हललेले दिसले नव्हते, आणि खरं सांगायचं तर मी बघितलंच नव्हतं.

त्या वर्षी आम्ही जुईला एका स्पीच थेरपिस्टकडे न्यायला लागलो होतो. बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, घरात शक्यतो सगळे एकाच पद्धतीने, सोपं बोला. त्यातलं 'शक्यतो' मी वाटेत गाळलं आणि घरी आणला तो कायदा. आबांनी मालवणी बोलायची नाही. टीव्हीवर हिंदी नको. सुप्रियाच्या आईने फोनवर घाटावरची बोली काढायची नाही. आबा दोन महिने गप्पच झाले, कारण दुसरी भाषा त्यांना येत असली तरी त्या भाषेत त्यांना नातीला 'चेडू' म्हणत तिचे लाड करता येत नव्हते. वाढदिवसाच्या सकाळी त्यांनी देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवला, टोपी नीट केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आबा, यंदा गाऱ्हाणं नको. मनातल्या मनात म्हणा. तिचा गोंधळ होतो."

नारळ तसाच देव्हाऱ्याच्या बाजूला सरकवून आबा गॅलरीत जाऊन बसले. जुई मात्र हात जोडून देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. कुणीतरी सुरू करेल म्हणून ती बराच वेळ उभी होती. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली सोडले. ती नजर मी पाहिली आणि डबा घेऊन कामावर गेलो. आज हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

संध्याकाळी लवकर सुटून मी तिला घेऊन स्टेशनजवळच्या बाजारात केक आणायला गेलो. केकचं खोकं दोन हातांनी धरावं लागलं, म्हणून दुकानाच्या पायरीवर मी तिचं बोट सोडलं. खोकं घेतलं आणि सवयीप्रमाणे उघडून तपासलं, क्रीम कुठे दबलंय का, मेणबत्त्या पाच आहेत का. एवढाच वेळ. खाली पाहिलं तर जुई नव्हती.

आधी मला राग आला, तिचाच. मग मी पायरी उतरलो, बाजूच्या भाजीवाल्याच्या मागे पाहिलं, चपलांच्या दुकानात पाहिलं. मी हाका मारायला लागलो. हाका मारता मारता माझ्या लक्षात आलं की ती हाकेला वळते, पण ओ देत नाही. ती दहा पावलांवर एखाद्या हातगाडीआड असली तरी मला कळणार नव्हतं. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला हायवे, त्यापलीकडे खाडीची झाडी. केकचं खोकं मी कुठे ठेवलं ते मला आजही आठवत नाही.

सुप्रिया धावत आली. चौकीवर हवालदारांनी लिहून घ्यायला घेतलं. पिवळा फ्रॉक, केसाला लाल रबर, उजव्या गालावर तीळ. "नाव सांगेल ना ती आपलं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. "पत्ता? बापाचं नाव?" मी नाही म्हणालो. ते पेन थांबवून माझ्याकडे बघत राहिले, आणि सुप्रिया तिथे बाकावर बसली. हवालदार माणूस चांगला होता. आवाज मऊ करून म्हणाला, "टेन्शन घेऊ नका, गाड्या फिरतायत आपल्या. मिळेल." पण ते पेन थांबलं होतं, ते मी पाहिलं होतं.

दीड तास झाला. अंधार पडत आला. मी स्टेशनपासून हायवेपर्यंत तीनदा जाऊन आलो होतो. तिसऱ्यांदा हायवेच्या कठड्याला धरून उभा राहिलो आणि समोरून डंपर जात होते ते बघत राहिलो. प्रत्येक डंपरच्या चाकाकडे डोळे जात होते. त्या क्षणी मला देवाला काहीतरी सांगावंसं वाटलं आणि तोंडातून शब्दच फुटेना. आत इतकं भरून आलेलं असताना बाहेर काहीच येत नाही, हे काय असतं ते मला पहिल्यांदा कळलं. माझी पोर रोज असंच जगते आहे, हेही त्याच क्षणी कळलं. मग कशी कोण जाणे जीभ सुटली, आणि जे आलं ते आबांच्या भाषेत आलं. जी भाषा मी घरातून हद्दपार केली होती, त्याच भाषेत मी म्हणालो, बा देवा म्हाराजा, आज तुझा गाऱ्हाणा मी बंद केलंय. चूक माझी असा, पोराची नाय. तां तुझा चेडू. तूच सांभाळ म्हाराजा.

बोललो आणि थांबलो. गाऱ्हाणं एकट्याने घालायचं नसतं. घालणारा एक असतो आणि होकार द्यायला माणसं लागतात. तिथे माझ्यामागे कुणी नव्हतं. गाड्यांचा आवाज तेवढा होता.

तसाच चौकीकडे परत निघालो होतो, तर फोन वाजला. आबांचा. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याशी मालवणीत बोलले. "कांजूरमार्गाक असा. बरा असा चेडू. सावकाश ये, धावा नको."

सुप्रिया आणि मी रिक्षाने पोचलो. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर एक म्हातारी बाई कोकम, कुळथाचं पीठ आणि सुके बांगडे विकायला बसल्या होत्या. त्यांच्या मांडीला टेकून जुई बसली होती, हातात अर्धं केळं. गालांवर रडून सुकलेले ओघळ होते. सुप्रियाने तिला छातीशी धरलं. मी रस्त्यावरच बसलो आणि माझं रडू काही केल्या आवरेना.

त्या आजींनी मला नीट रडू दिलं आणि मग फैलावर घेतलं. "बापूस मा तू? पोराचा बोट सोडतंस?" मग सगळं सांगितलं. जुई रडत रडत फुटपाथने आली होती. लोकांनी तिच्याभोवती गर्दी केली, हिंदीत विचारलं, मराठीत विचारलं, कुणी इंग्रजीतही विचारलं. ती एक अक्षर बोलेना, आणखीच घाबरली. आजींनी सगळ्यांना हाकललं आणि तिला जवळ बसवलं. पोलिसांना कळवायला बाजूच्या केळीवाल्याला पाठवलं. तेवढ्यात दिवेलागणी झाली. रोजच्याप्रमाणे त्यांनी उदबत्ती लावली. "बायकांनी गाऱ्हाणा घालूचा नसता आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "पण पुरूष माणूस खंयसून आणू? म्हटलंय, म्हाराजा, ह्या चेडवाक आईबापाशीन पोचव. तर ह्या चेडू माझ्या बाजूक बसान म्हणता कसा, व्हय म्हाराजा."

मी त्यांना पुन्हा विचारलं. नक्की तीच बोलली? "मगे कोण, माझे बांगडे?" त्या म्हणाल्या.

ते दोन शब्द ऐकल्यावर पोर आपल्याकडची आहे हे त्यांना समजलं. त्यांनी गावच्या मंडळातल्या भाच्याकडून जुईचा फोटो काढून घेतला, त्याने तो आसपासच्या भजनी मंडळांच्या ग्रुपवर टाकला, आणि विक्रोळीच्या ज्या मंडळात आबा पखवाज वाजवतात तिथल्या एकाने तिला ओळखलं. घरात देव्हाऱ्यापुढे बसलेल्या आबांना त्याने फोन केला. या सगळ्याला पाव तासही लागला नव्हता. पोलीसही आमच्या पाठोपाठच तिथे पोचले.

पाच वर्षांची मुलगी दोन मोठे नाके ओलांडून तिथवर कशी पोचली, तिला कुणी रस्ता ओलांडून दिला, हे आजवर कळलेलं नाही. मी कठड्यापाशी बोललो ती वेळ आणि आजींनी उदबत्ती लावली ती वेळ मी कधी जुळवून पाहिली नाही. फोनमध्ये पाहून काढता आली असती. आयुष्यभर मापं तपासली, हे एक तपासायचं नाही असं मी ठरवलं. मला एवढंच माहीत आहे की मी गाऱ्हाणं घातलं तेव्हा होकार द्यायला कुणी नव्हतं असं मला वाटलं होतं, आणि होकार दिला गेला होता.

आजींना आम्ही बळेच घरी आणलं. केक नव्हताच, सुप्रियाने शिरा केला. आबांनी सकाळचा नारळ पुढे घेतला, टोपी नीट केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून जुईच्या शेजारी उभा राहिलो. आबांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकराक पाच वर्सा पुरी झाली. काय चुकला-माकला असात तर पदरात घे म्हाराजा." मी तोंड उघडलं, पण होकार काही निघेना. माझ्या कोपराखालून एक बारीक, किंचित घोगरा आवाज आला. पाच वर्षं ज्यासाठी मी दवाखाने पालथे घातले तो आवाज. तो त्या घरात आधीही येत असणार. मी खाली वाकलो नव्हतो, एवढंच.

जुई आज सहा वर्षांची होते आहे. अजून शब्द मोजकेच आहेत. 'आई' आलं, 'आबा' आलं, 'बाबा' गेल्या महिन्यात आलं. थेरपी चालू आहे. ती कधी घडाघडा बोलेल का, मला माहीत नाही. पूर्वी हे वाक्य मी लिहिलंच नसतं. आता वाटतं, मागणं मांडावं, आपल्याकडून होईल ते सगळं करावं, आणि मग जे येईल त्याला मनापासून होकार द्यावा. माझ्या लेकीला हे माझ्याआधी जमलं. तिच्या पदरी मला बाप म्हणून ठेवलं, त्याबद्दल मी देवाचा आणि कांजूरच्या त्या आजींचा जन्मभर ऋणी आहे.

आजी सकाळीच आल्या आहेत, कोकमाची पुडी घेऊन. आबा नारळ घेऊन उभे आहेत आणि जुई माझं बोट धरून मला ओढते आहे. लिहिणं इथेच थांबवतो. होकार द्यायला आज एकही माणूस कमी पडायला नको.