दादा रांगेतच थांबायचा

फोन दादाच्याच मोबाइलवरून आला होता. मी सवयीने "बोल रे" म्हणाले, तर पलीकडून अनोळखी आवाज... "ताई, द्वारका चौकातल्या सिग्नलला या. हे गाडीवाले तुमचे कोण?" "माझा थोरला भाऊ," म्हणत मी तशीच निघाले.

दादा सरकारी कचेरीत कारकून होता, पण त्याचा जीव अडकलेला दुचाकीवाल्यांत. "आपण गाड्यांच्या मधून घुसतो, कारण आपल्याला जागाच ठेवलेली नाही," असं तो म्हणायचा. सिग्नलला सगळ्यांच्या पुढे दुचाक्यांसाठी चौकोन आखा, आणि थांबलेल्या वाहनांतून तिथवर हळू जायची रीतसर वाट द्या, एवढंच त्याचं मागणं. त्यासाठी त्याने किती उंबरे झिजवले! प्रत्येक साहेब चहा पाजायचा आणि नियमात बसत नाही म्हणून वाटेला लावायचा. मग नियम होईपर्यंत दादा स्वतः रांगेत थांबायचा. वहिनी चिडवायची, "यांच्या मागे बसून लग्नाला निघालं की पंगती उठल्यावर पोचतो."

रविवारी सकाळी कॉलनीतल्या विहारापुढच्या मैदानात त्याची शाळा भरे. दोन टेम्पो शेजारी शेजारी उभे करायचे, शिकायला आलेल्याला चालकाच्या जागेवर बसवायचं आणि आपण मोटारसायकल घेऊन मधल्या फटीत उभं राहायचं. एकदा पेठकडच्या खेड्यातून बांधकामावर आलेले एक काका वर बसले होते. दादाने खालून ओरडून विचारलं, "आरशात दिसतो का मी?"

"नाय दिसत."

दादा दोन पावलं सरकला. "आता?"

"नाय वो दादा, लय आत हाय तुमी."

"मग टेम्पोवाल्यालाही तुम्ही दिसत नाही, काका. उद्यापासून घुसू नका." काका खाली उतरले. त्यांच्यासारखे कितीतरी जण दादाचं ऐकून रांगेत थांबायला लागले. मीही त्यातलीच.

त्या दिवशी दादा ट्रकच्या मागे, नियमाप्रमाणे रांगेत उभा होता. मागून आलेल्या गाडीचा वेग आवरला नाही आणि दादा ट्रकवर चिरडला गेला. फटीतून पुढे गेलेले सगळे घरी पोचले... हे वाक्य मनात आलं की माझा संताप होतो आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. दादावर काढावा, तर तो चुकला कुठे?

त्याची मुलगी प्रज्ञा कॉलेजात आहे, नुकतंच लायसन्स मिळालंय. दादाला निरोप द्यायला आलेले सगळे पाहुणे गेल्यावर तिने मला विचारलं, "आत्या, मी आता मधून जाऊ, की बाबांसारखी रांगेत थांबू?" मी शाळेत शिकवते, पोरांच्या प्रश्नांना अडत नाही. पण तिला काय सांगणार? घूस म्हणू तर तो आरसा आठवतो, थांब म्हणू तर तो ट्रक. "सांभाळून जा गं," एवढंच म्हणाले. मलाच माझी लाज वाटली.

गेल्या आठवड्यात तिच्या मागे बसून बाजारात निघाले होते. सिग्नलला पुढे बस आणि ट्रक, मध्ये दुचाकी जाईल एवढी वाट. मागचे हॉर्न वाजवून ओरडत होते, "ओ ताई, जागा हाय ना, घाला की!" प्रज्ञाने पाय जमिनीवर टेकवले. रांगेतच थांबली.

"आत्या," ती पुढे बघतच म्हणाली, "तू मागे बघत राहा."

सिग्नल सुटेपर्यंत मी मान वळवून मागे बघत बसले. एखादी गाडी खरंच अंगावर आली असती, तर मी काय करणार होते?