‘आई’ म्हणेल ना?

किस्से जमवायला मला कुठे जावं लागत नाही. चिखलीत एका दवाखान्याच्या माडीवर माझी खोली आहे. उशिरा बोलणारी मुलं आणि घाबरलेले आईबाप तिथे येतात. दारावर ‘स्पीच थेरपी’ लिहिलंय, पण गावोगावी मी ‘बोलायची डॉक्टरीण’! मुलं गप्प असतात आणि घरची माणसं इतकं बोलतात की किस्से आपोआप साचतात. पण खरं सांगू? या खोलीत मी हसते कमी आणि धास्तावलेलीच जास्त असते.

आता अमडापूरचा विहानच घ्या. तीन वर्षांचा. कान तपासले, उत्तम. सांगितलेलं सगळं कळतं, पण तोंडातून शब्द नाही. त्याची आई सुनीता जाताना दर वेळी दारात थबकते आणि तेच विचारते, “मॅडम, मले आई म्हणन ना हा?”

‘हो’ कसं म्हणू? “प्रयत्न करू,” म्हणते. तिचा चेहरा उतरतो आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागत नाही.

*

माझ्याकडे येण्याआधी विहानच्या आजोबांनी स्वतःच उपचार सुरू केले होते. पोपटाने उष्टावलेला पेरू खाल्ला की मूल बोलतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. भर बाजारात ते एकेक पेरू फिरवून फिरवून बघत बसले.

पेरूवाली वैतागली. “बाबा, एकही खराब नाई, घ्या ना!”

“तेच तं म्हणून राह्यलो!” आजोबा ओरडले. “चोच मारलेला दे मले!”

तिने टोपली उचलून जागाच बदलली!

*

मुलाने हात पुढे केला की लगेच वस्तू देऊ नका, जरा थांबा, त्याला आवाज काढायला वाव द्या, असं मी घरच्यांना शिकवते. सुनीताने विहानसमोर बिस्कीट धरलं. तो बघतोय. ती बघतेय. मी श्वास रोखलेला. त्याचे ओठ किंचित हलले आणि...

“दे!”

सुनीताने आनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यामागे बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं.

“आजी, तुम्ही बोललात.”

“मंग? त्याच्याच मनातलं बोलली ना मी!”

*

देऊळगाव राजाचे एक सर. शाळेत शिकवतात, त्यामुळे घरीही मुलीवर सारखा प्रश्नांचा मारा. हे काय? रंग कोणता? गाय कशी ओरडते? पोरगी बिचारी टेबलाखाली जाऊन बसायची.

मी म्हटलं, “सर, परीक्षा घेऊ नका. नुसत्या गप्पा मारा.”

सर फार अस्वस्थ झाले. रुमालाने घाम पुसला. मग मुलीशेजारी खाली बसले, घसा खाकरला.

“तर बाळा, आज आपण गप्पा मारणार आहोत. सांग बरं, गप्पा म्हणजे काय?”

*

सुनीता मुळात अबोल. तिला मी सांगितलं, “जे काम कराल ते विहानला बोलून दाखवा.” दुसऱ्या दिवसापासून सुरू! बघ, कांदा चिरला. बघ, फोडणी दिली. विहान मधेच खेळायला पळायचा, हिचं बोलणं चालूच. शेजारणीने ते खिडकीतून ऐकलं आणि सासूबाईंना बाजूला घेतलं.

“सून कांद्याशी बोलून राह्यली वं! सैलानीले नेऊन आणा एकडाव!”

आमच्याकडे डोकं फिरलेल्या माणसाला सैलानीबाबाच्या दर्ग्यावर नेतात. हे मला सांगताना सुनीता हसली आणि हसता हसताच रडायला लागली. “बोलू बोलू थकली मी, मॅडम. हा काऊन नाई बोलत?”

मी तिला पाणी दिलं.

*

मागच्या महिन्यात सुनीता तिचा वार नसताना आली. एकटीच, धापा टाकत.

“काय झालं? विहान बरा आहे ना?”

“बोलला, मॅडम.”

“आई म्हणाला?”

तिने मान हलवली. नाही.

“मी भांडे घासून राह्यली होती. सासूबाई वावरात गेलेल्या. मांगून आवाज आला, ‘सुनीताऽ, चा!’ सूर असा की मले वाटलं सासूबाईच आल्या. वळून पाह्यलं, तं हा उभा! कमरेवर हात ठेवून!”

“मग?”

“मंग काय, मॅडम,” ती डोळे पुसत म्हणाली, “हात धुतले अन् चा ठेवला!”