आज भांग हाय

हे कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच जीभ जरा सैल सुटतेय असं समजा.

मी नकाशे बनवते. कागदावरचे नाही, कॉम्प्युटरवरचे. नवीन पनवेलमध्ये एक छोटी कंपनी आहे, तिथं. आमच्या नकाशात पनवेलपासून उरणच्या खाडीपर्यंतचा सगळा भाग आहे, आणि त्यावर ठिपके. प्रत्येक ठिपक्यामागे एक माणूस. शिरढोणला शाळेतल्या एक बाई, पळस्प्याला एक टपरीवाले, असे. त्यांनी रोज सकाळी फोनवर बोलून कळवायचं — पाऊस किती पडला, वारा कुठून आहे, आणि खाडीकाठी असाल तर पाणी किती चढलं. ते सगळं त्या ठिपक्यात साठतं. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या जागेचं हवापाणी समोर उघडतं. कल्पना साहेबांची, पण मांडणी माझी. कुठली माहिती कुठल्या रकान्यात जाईल, त्या रकान्यात कुठले शब्द चालतील — सगळं मी ठरवलं. हे शब्दांचं जरा लक्षात ठेवा.

खाडीकाठच्या एका गावात काही केल्या माणूस मिळेना. मी म्हटलं, "माझ्या ओळखीतले एक काका आहेत तिथं."

ओळखीतले काका! ते माझे बाबा होते. सख्खे बाबा.

असं का म्हटलं मी? ऑफिसात सगळे मला पनवेलचीच समजायचे. लग्नानंतरच्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही, आणि कॉलेजात असतानाच मी 'हाय-नाय' जिभेवरून खरवडून काढलं होतं. डब्यात सुकट कधी नेली नाही. कुणी मला हिणवलं होतं का? अहो, कध्धी नाही. हिणवतील म्हणून मीच आधी लपून बसले.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून बाबांची होडी सुटली होती. दिवसभर ओट्यावर बसायचे आणि आईशी कटकट करायचे. ठिपका मिळाला आणि माणूस बदलला हो! सकाळी आंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून फोन हातात घ्यायचे. मी म्हटलं, बाबा, तिकडे फक्त आवाज जातो, तोंड कुणाला दिसत नाही. तर म्हणाले, "सरकारी काम हाय गो बाय, उगड्या डोक्यानं करू काय?" सरकारी नव्हतंच ते. पण टोपी काढायला कोण सांगणार त्यांना?

आता तो शब्द. आमच्याकडे पुनवेला-अवसेला पाणी जोरात चढतं, ते उधाण. आणि अष्टमीच्या आसपास पाणी आळसावतं — धड चढत नाही, धड उतरत नाही — तो भांग. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, जाळ्याला काही लागत नाही, म्हणून बाबा घरी असायचे. जाळी शिवायचे, आणि मला पुढ्यात बसवून माझे केस विंचरायचे. "आज भांग हाय, चल तुजा पन भांग पाडतो." वाकडा पाडायचे. मी तसाच वाकडा घेऊन शाळेत जायची, आणि कुणाला हात लावू द्यायची नाही.

आणि याच मुलीनं नकाशाच्या पाण्याच्या रकान्यात शब्द भरले — भरती, ओहोटी, उधाण. भांग नाही भरला. विसरले? छे! बोट तिथं थांबलं होतं माझं. वाटलं, कुणी विचारलं की तुला कसा माहीत हा शब्द, तर काय सांगू?

मग कंपनीच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला नकाशा दाखवायचा दिवस जवळ आला. रकान्यांत न बसणारे संदेश साहेबांनी सगळ्यांसमोर ऐकायला घेतले. आणि खोलीत बाबांचा आवाज आला. सभेत बोलावं तसा, घसा खाकरून — "नमस्कार. आज भांग हाय. काल पन भांगच व्हता. पानी खालच्या पायरीलाच हाय."

सगळे हसले. साहेब म्हणाले, हा माणूस सकाळी सकाळी भांग पिऊन बोलतोय, काढा त्याला. आणि मी गप्प बसले.

एवढंच कबूल करून उठावं, असं फार मनात आहे. गप्प बसण्याचं पाप तसं लहान दिसतं, नाही का? पण खरं सांगायचं ठरलंय ना —

मी गप्प नव्हते बसले. आवाज संपला तेव्हा खोलीत कुणीच हसलं नव्हतं. कुणाला काही उमगलंच नव्हतं. साहेबांनी अगदी साधेपणानं माझ्याकडे बघून विचारलं, "भांग? म्हणजे काय हो?" त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी म्हणाले —

"काकांची होळी अजून उतरलेली दिसत नाही."

मी म्हणाले. मग हसले सगळे. मीही दात काढले, सगळ्यांत मोठ्यानं. बाबांनी आयुष्यात थेंबाला तोंड लावलेलं नाही. माझ्या हळदीतसुद्धा नाही, आणि आमच्याकडच्या हळदीत दारू कशी वाहते ते तुम्हाला ठाऊक असेलच! साहेब म्हणाले, "नशेबाजाच्या भरवशावर नकाशा दाखवायचा का? काढून टाका." ठिपका काढला तो मीच. आता तिथं आजूबाजूच्या ठिपक्यांवरून कॉम्प्युटर आपला आपण अंदाज भरतो. बघणाऱ्याला कळतही नाही की इथं एक माणूस होता.

त्यापुढचं तर आणखी वाईट. रविवारी गावी गेले तर बाबा दारातच. "माजा ठिपका दाव गो." काय दाखवणार होते मी? मी आधीच तयारी करून गेले होते. त्यांच्या फोनसाठी वेगळा नकाशा बनवला होता, फक्त त्यांच्यापुरता. त्यात त्यांचा ठिपका जागच्या जागी. आणि त्यांचा आवाज ऑफिसात न जाता माझ्या एकटीच्या फोनवर येईल अशी सोय. त्यांना म्हटलं, आता आधी मी ऐकते आणि मग साहेबांना सांगते. जेवढी हुशारी शिकले होते ना, ती सगळी त्या खोट्यात ओतली. बाबांनी ठिपक्यावर अंगठा ठेवला आणि आईला हाक मारली, "अगो, ये बग, मी हितं हाय."

आई पदराला हात पुसत आली आणि बराच वेळ बघत राहिली. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले. मला रडूसुद्धा आलं नाही, ही त्यातली आणखी एक गोष्ट.

पुढे नकाशाची नवी आवृत्ती केली तेव्हा पाण्याच्या रकान्यात मी गुपचूप 'भांग' भरला. साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, पाणी कमी चढतं ते दिवस, खाडीकाठी असंच म्हणतात. ते म्हणाले, "अरे वा, छान!" आणि पुढच्या कामाला लागले. झालं. एवढंच होणार होतं. आणि त्यांना ते काका आठवलेसुद्धा नाहीत. पण ठिपका परत लावायचा तर ते कोण हे सांगावं लागलं असतं — आणि होळीचा विनोद कुणाचा होता, तेही. नाही लावला. अजून नाही लावला.

बाबा रोज बोलतात. ताप असला तरी बोलतात. गावात त्यांना आता 'हवामानवाले' म्हणतात, आणि लग्नाची तारीख धरायची तर पावसाचं विचारायला येतात. विचुंब्याला आमच्या घरी मी पोळ्या लाटत असते, फोन वाजतो, आणि मी पिठाच्याच हातानं तो कानाला लावते. कधीकधी दोनदा ऐकते. आवाज हल्ली थोडा कापतो त्यांचा.

आज सकाळी म्हणाले, "नमस्कार. आज भांग हाय. पानी निजलाय. वारा नाय. बाय, तुज्या सायबाला सांग."

मी रोज जे उलट बोलून पाठवते तेच पाठवलं. "सांगितलं, बाबा."